बोर्डाखालचे बोर्ड

शाहूपुरीत, गुळाच्या जुन्या अडतीमागं
त्या शटरला आता दोन कुलपं आहेत.
एक बँकेचं, एक भावकीचं.
वर माझा बोर्ड.
उद्या त्यावर मोबाईलच्या दुकानाचा फ्लेक्स चढणार,
म्हणून आज शिडी घेऊन आलो.
पत्रा माझा नाही, अक्षरं माझी आहेत,
वॉचमनला सांगितलं.
तो म्हणाला, खरवडा बापडे.

एकच कोपरा खरवडला, पंजाएवढा.
आधी निळा सुटतो.
निळ्यात काय आहे ते वाचावं लागत नाही:
‘अजिंक्य बिअर बार. फॅमिली रूम वर.’
फॅमिली कधी वर गेली नाही.
वर इराप्पा वेटर झोपायचा
आणि पंचगंगा रस्त्यावर आली की खुर्च्या.

निळ्याखाली पिवळा, त्र्याहत्तर सालचा.
‘परमिट रूम. प्रो. तातोबा शेंडुरे.’
दुष्काळ होता, पाण्याआधी सोडा मिळायचा.
परमिटावर आजाराचं नाव लागे;
अख्खी अडत त्या साली आजारी होती,
सहीशिक्क्यासकट.
तोलार यायचे, बोटांना काकवी चिकटलेली,
पेला खाली ठेवला तरी हातातच राहायचा.
स्टुडिओतनं बळवंत यायचा,
सिनेमात शिपाई, तोंडाचा रंग तसाच,
बिल मागितलं की कडक सलाम ठोकायचा.
त्याची उधारी मी मागच्या भिंतीवर लिहून दिली होती,
गंमत म्हणून, लाल अक्षर, काळी छाया.
चौऱ्याऐंशी रुपये.
बळवंत गेला. भिंत आहे.

पिवळ्याखालचा पांढरा माझा नाही.
तो वस्तादांचा, गणू पेंटरचा:
‘विश्रांतीगृह. चहा, भजी, सोडा-लेमन.’
दारूबंदीचे दिवस.
किटलीत चहा सोडून सगळं असायचं.
लोक बशीत ओतून फुंकर मारून प्यायचे.
शेजारी फौजदार बसला
तरी फुंकर चुकायची नाही.
वस्ताद सांगायचे, फौजदारही फुंकायचा.

मी मजुरी पैशात कमी, पेल्यात जास्त घेतली.
निळा बोर्ड केला त्या सकाळी
‘बिअर’मधल्या र चा पाय हलला.
एवढासाच. कुणाला दिसला नसता.
तातोबा खाली उभे होते, टोपी हातात.
बोलले काही नाहीत.
रोख पैसे मोजले, पहिल्यांदाच,
आणि आत वळून म्हणाले,
इराप्पा, पेंटरला हितनं पुढं सोडा. नुसता.

वर्षभर त्यांच्या दारात उभा राहून
शिव्या घातल्या मी,
पलीकडच्या दुकानात पिऊन येऊन.
मग एका दुपारी आत गेलो.
सोडा मागितला. लिंबू त्यांनी स्वतः पिळलं.

पुढचं काय सांगायचं.
बाजार यार्डात गेला, तोलार गेले.
तातोबा गेल्यावर रणधीर बसला गल्ल्यावर.
कोर्टाचा हुकूम आला, हमरस्त्यापासून पाचशे मीटर,
माणसं टेप घेऊन आली.
रणधीरनं पुढचं दार चिणलं,
मागच्या बोळातनं वाट काढली,
पत्र्याच्या आडोशानं तीन वळणं.
येताना चढवून आलेला
आत पोचेपर्यंत उतरायचा.
मग पूर. मग लॉकडाऊन.
मग दोघा भावांत वाटणीचा कागद,
ज्यावर शेवटपर्यंत सही झाली नाही.
इराप्पा गडहिंग्लजला गेला,
जाताना ओपनर तेवढा घेऊन गेला म्हणतात.

पांढऱ्याखाली पत्रा लागला.
डब्याचा कापलेला, तेलाचा असावा,
त्यावर वस्तादांनी सुतानं मारलेली रेघ,
खडूची, अजून सरळ.
बोट लावलं नाही.

उद्या येणारी पोरं आजच आली,
ड्रिल, गुंडाळलेला फ्लेक्स, कानात गाणी.
मी शिडीवरनं उतरलो.
त्यातलं एक पोरगं मान वर करून बघत राहिलं.
म्हणालं, काका,
त्यो र वाकडा हाय.

म्हटलं, हाय.